‘ताई, ते कुठंय?’

स. न. वि. वि.

मी ३८ वर्षांची. नारायण पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात १४ वर्षं काम करते. धायरीहून टू-व्हीलरवर येते आणि साडेनऊला खुर्चीत असते. सर, मी, एक सहकारी आणि तीन आर्टिकल्स, म्हणजे सीए व्हायला शिकत असलेली मुलं, एवढेच आम्ही. माझ्याकडे चाळीसेक क्लायंट्सचं जीएसटी आहे. दिवसभर पाठ टेकत नाही, पण संध्याकाळी सहाला बघते तर सकाळी उघडलेलं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिथल्या तिथेच. एका क्लायंटची बँक रिको, म्हणजे हिशेबाची बँकेच्या नोंदींशी जुळवणी, गेले तीन दिवस चालू आहे. क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो पाठवतात, तेही तिरके. आर्टिकल्स दर पाच मिनिटांनी ‘ताई, ते कुठंय?’ शेजारचे सहकारी दिवसभर मोठ्यानं फोनवर. घरून सासूबाईंचा फोन, मुगाची डाळ कुठल्या डब्यात? आणि कोणी काही विचारत नसेल तर मीच उगाच फोन उघडून बघते. माझ्याशिवाय कोणाला काही सापडतच नाही, ही खरी पंचाईत.

मागच्या महिन्यात एका क्लायंटचं १८ हजारांचं बिल मी दुसऱ्याच्या पर्चेसला, म्हणजे खरेदीत, टाकलं. २बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरची खरेदीची यादी, जुळेना तेव्हा सापडलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “लक्ष कुठे असतं तुमचं?” भाचा म्हणतो, २५ मिनिटांचा टायमर लाव. काही व्यायाम, काही अ‍ॅप आहे का? की माझी एकाग्रताच गेली?

– विस्कटलेली, धायरी

*

नमस्कार. तुम्हाला मी ताई म्हणणार नाही, दिवसभरात ते तुम्ही पुरेसं ऐकता.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जुन्या सवयीनं पेन्सिल हातात होती आणि दोन वाक्यांखाली रेघ मारली गेली. एक, ‘कोणी काही विचारत नसेल तर मीच उगाच फोन उघडून बघते.’ दुसरं, ‘माझ्याशिवाय कोणाला काही सापडतच नाही.’ बाकीच्या पत्रात दुसऱ्यांनी तुमचं काय केलं ते आहे. या दोन वाक्यांत तुम्ही आहात. त्यांच्याकडे येतेच.

आधी एकाग्रतेचं. ती गेलेली नाही. जिची एकाग्रता गेली तिला ते १८ हजारांचं बिल कुठे चुकलं हेही सापडलं नसतं. तुमचा दिवस फाटलाय, एवढंच. नऊ वार कापड सलग असलं तर त्याचं लुगडं होतं. तेच टराटरा फाडून वीत वीत तुकडे केले तर पायपुसणी होतात. कापड तेवढंच, पण नेसायला काही उरत नाही. तुम्ही नऊ तास काम करता हे खरंच आहे. ते नऊ तास पायपुसण्यांचे असतात.

आणि तुम्ही दमता का, तेही सांगते. ग्लोरिया मार्क म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनच्या शाखेतल्या अभ्यासक आहेत. ऑफिसातल्या व्यत्ययांचा अभ्यास त्या कित्येक वर्षं करताहेत. २००८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. लोकांनी अडथळ्यांत केलेलं काम आणि सलग केलेलं काम ताडून पाहिलं. अडथळ्यांतलं काम उशिरा झालं असेल असं तुम्हाआम्हाला वाटेल. उलट ते लवकर झालं. वेळ जातोय म्हणून माणसं धावली. पण त्यात ताण, वैताग आणि मेहनत जास्त वाट्याला आली. तुमची रिटर्न्स वेळेवर जातात आणि रात्री तुम्हाला भाकरी थापायचंही त्राण नसतं, ते यातलंच.

आता माझी गोष्ट. मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात २७ वर्षं मुद्रितं तपासली. नवी होते तेव्हाचं सांगते. लग्नपत्रिकेचं मुद्रित हातात होतं, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. मी ‘१२ वाजून’ इथवर आले आणि मालकांनी आतून कागदाचं बिल मागितलं. उठले, बिल दिलं, परत येऊन बसले आणि ‘आपले नम्र’पासून पुढे वाचायला लागले. पत्रिका छापून गेल्या त्या १२ वाजून ५३ मिनिटांच्या. ४०० पत्रिका! त्या संध्याकाळी घरून खळ करून नेली आणि एकेका पत्रिकेवर ‘३५’ची नखाएवढी चिठ्ठी चिकटवत बसले. मालक काही बोलले नाहीत, समोर बसून तेही चिकटवत होते. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मुद्रितशोधकांनी मला जवळ बोलावून एक गोष्ट शिकवली. कोणी हाक मारली की आधी मान वर करायची नाही. ज्या शब्दावर आहोत त्याच्या डोक्यावर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, मग मान वर. पुढची सगळी वर्षं मी तो ठिपका दिला. मालक हाक मारोत नाहीतर मालकीणबाई, ठिपका आधी. लोकांना सुरुवातीला मी शिष्ट वाटले. नंतर ते ठिपक्याची वाट बघायला शिकले.

तुम्ही हेच करा. टेबलावर चिठ्ठ्यांचं एक पॅड ठेवा. आर्टिकलनं ‘ताई’ म्हटलं की “एक मिनिट” म्हणा आणि लिहा : ‘चालू खातं, १४ तारखेपर्यंत टिक झाल्या, ३,४०० चा चेक सापडत नाही, पासबुक बघायचं.’ लिहायला दहा सेकंद लागतात. मग मान वर करा. नुसतं ‘रिको अर्धी’ असं लिहू नका. परत आल्यावर हात कुठे घालायचा ते लिहा. माझ्या ठिपक्याला शास्त्राचा आधार आहे हे मला फार उशिरा कळलं. सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये असं मांडलं, की एक काम टाकून दुसऱ्याकडे गेलं तरी मनाचा काही भाग आधीच्या कामापाशी रेंगाळत राहतो. २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर त्यांनी त्यावरचा उताराही दाखवला. उठण्याआधी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करायचं हे टिपून ठेवलं, की मधल्या कामातही डोकं नीट लागतं. तुमचं ते १८ हजारांचं बिल असंच चुकलं असणार. एका क्लायंटचं टॅली उघडं, डोकं दुसऱ्याच्या प्रश्नात, आणि बोटं आपली चालूच.

आता पेन्सिलीच्या रेघांकडे येते.

तुमच्या पत्रात ‘कुठे’ हा शब्द किती वेळा आलाय ते एकदा मोजा. आर्टिकल्स विचारतात कुठे, सासूबाई विचारतात कुठे, सरही शेवटी विचारतात लक्ष कुठे. चौदा वर्षांत तुम्ही त्या ऑफिसची सूची होऊन बसलात. जाड पुस्तकाच्या मागे नसते का, कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी, तशी. फरक असा की पुस्तकातली सूची छापलेली असते. तिला कोणी हाक मारत नाही, उघडून बघतात. तुमच्या ऑफिसची सूची फक्त तुमच्या डोक्यात आहे, म्हणून दर वेळी तुम्हालाच उघडावं लागतं.

आणि रागावू नका, पण ‘माझ्याशिवाय कोणाला काही सापडत नाही’ या वाक्यात तक्रारीखाली थोडं सुख आहे. मला ते ओळखता आलं, कारण मलाही होतं. छापखान्यात कुठल्या जुन्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापील पानांचे गठ्ठे, कुठल्या फळीवर हे फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. आपल्याला विचारलं जातं, त्यात आपली किंमत आहे असं वाटायचं. पगारवाढ मागायची वेळ आली तेव्हा मात्र कोणाला फर्मे आठवले नाहीत.

तेव्हा सूची कागदावर उतरवा. माझी सून तुमच्याच धंद्यात आहे, घरातलं कॅलेंडर कर आणि रिटर्न भरायच्या ७, ११ आणि २० तारखेभोवतीच फिरतं, त्यामुळे तुमच्या ऑफिसात काय काय हरवत असेल याचा मला अंदाज आहे. पहिली ती डिजिटल सिग्नेचरची डोंगलं. सगळी दिसायला सारखी, आणि खणात रबरबँड लावून एकत्र कोंबलेली. सुनेच्या ऑफिसात होमिओपॅथीच्या बाटल्यांची असते तशी खणाखणांची पेटी आणली, प्रत्येक खणावर क्लायंटचं नाव आणि मुदत कधी संपते ती तारीख. एका पेटीनं तिच्या दिवसातले निदान दहा ‘कुठंय’ कमी झाले. दुसरं म्हणजे लॉगिन-पासवर्ड. ते एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवायचे आणि ती कोणी उघडायची ते सरांनी ठरवायचं; हे त्यांना विचारल्याशिवाय करू नका. तिसरं, फाइलींच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद, कुठल्या फळीवर काय. एका शनिवारी दुपारी बसलात तर तिन्ही होतील. आणि हो, मुगाच्या डब्यावरही चिठ्ठी लावा. सासूबाईंना अक्षर बारीक दिसत असेल तर मोठं लिहा.

तरी आर्टिकल्स विचारणारच, शिकायलाच आलीत ती. त्यांच्यासाठी एक दोनशेपानी वही टेबलाच्या टोकाला ठेवा. प्रश्न पडला की वहीत लिहायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, साडेबाराला तुम्ही सगळ्यांची उत्तरं एकदम देणार. गंमत अशी होईल की साडेबारापर्यंत निम्म्या प्रश्नांवर त्यांनीच काट मारलेली असेल. प्रश्न लिहायचा म्हणजे नीट विचारावा लागतो, आणि नीट विचारलेला प्रश्न बरेचदा स्वतःच सुटतो. तोंडी विचारणं फार स्वस्त असतं.

साडेबाराच का, ते सांगते. पेठेतली दुकानं दुपारी एक ते चार बंद, यावरून सबंध महाराष्ट्रानं आपली टिंगल केली. पण त्या दुकानदारांचं कौतुक करावं असं एक आहे : दार कधी उघडणार हे गिऱ्हाइकाला पक्कं माहीत असतं. त्यामुळे एकला कोणी शटर वाजवत नाही. गिऱ्हाईक चारला येतंच. तुमचं दुकान दिवसभर उघडं, म्हणून दिवसभर गिऱ्हाईक. सकाळी ११ ते साडेबारा शटर ओढा. दीड तास, जास्त नको. सबंध दिवस बंद ठेवायला तुम्ही काही अभ्यासिकेत बसलेला एमपीएससीचा मुलगा नाही. (सदाशिव पेठेत ती मुलं महिन्याचे पैसे भरतात ते निव्वळ एका खुर्चीचे आणि कोणी हाक न मारण्याचे. त्यांचं दार वाजवायची कोणाची छाती होत नाही. पण ३८ वर्षांच्या बाईचं काम मध्येच थांबवलं तर चालतं, हे सगळे न बोलता धरून चालतात, ऑफिसातही आणि घरीही. असो.)

त्या दीड तासात काय करायचं हे मात्र नीट निवडा. रिटर्न फाइल करणं हे तुकड्यांचं काम आहे. पोर्टल फिरत राहतं, ओटीपी क्लायंटच्या फोनवर जातो, क्लायंट मार्केट यार्डात माल उतरवत असतो, तो फोन उचलेपर्यंत ओटीपी शिळा. त्याला फोन लागतोच, ते दुपारी करा. शटरच्या वेळात फक्त सलग काम : रिको, २बीची जुळवणी, ताळेबंद. ज्यात धागा तुटला तर पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो तेवढंच.

क्लायंट्सना आधी सांगा. त्यांच्याकडे तुमचा स्वतःचा नंबर असणार. चौदा वर्षांची चूक आठवड्यात सुधारणार नाही. ऑफिसचा एक नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर घ्या. त्यात आपोआप जाणाऱ्या उत्तराची सोय असते. ‘बिलं मिळाली. दुपारी १२.३० आणि संध्याकाळी ५.३० ला पाहिली जातात. फोटो सरळ काढावा.’ शेवटचं वाक्य गाळू नका, पुण्यात आहोत आपण. जे जुन्याच नंबरवर पाठवत राहतील त्यांना दर वेळी गोड बोलून तिकडे पाठवा. दोन-तीन महिने लागतील, काही म्हातारे क्लायंट कधीच बदलणार नाहीत. ते सोडून द्या.

शेजारच्या सहकाऱ्यांचं फोनवर बोलणं ही तुमची चिडचिड नव्हे, त्रास खरा आहे. रस्त्यावरच्या गाड्या, गणपतीच्या आधी नदीपात्रातून येणारा ढोलांचा सराव, याची कानाला सवय होते. अर्थ कळणाऱ्या बोलण्याची तेवढी सहज होत नाही. त्यातही फोनवरचं एका बाजूचं बोलणं सगळ्यात वाईट. “हो... हो... अहो पण... नाही, ते नाही...” पलीकडचा काय म्हणाला ते आपलं डोकं भरत बसतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच तपासलं. दोघांचं संपूर्ण संभाषण कानावर पडलं त्यापेक्षा एकाच बाजूचं पडलं तेव्हा लोकांचं काम जास्त बिघडलं. तुम्ही त्यांना ‘हळू बोला’ म्हणालात तर ते चार दिवस हळू बोलतील. त्यापेक्षा ११ ते साडेबारा तुम्ही सरांच्या केबिनशेजारच्या किंवा कपाटामागच्या टेबलावर बसा. जागा नसेल तर त्यांना गॅलरीत जाऊन बोलायची विनंती करा, तीही फक्त त्या दीड तासापुरती. थोडंच मागितलं की मिळतं.

भाच्याच्या टायमरचं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला, त्यातून ती २५ मिनिटांची पद्धत निघाली. चांगली आहे. ज्याला त्याचं स्वतःचंच मन उठवतं त्याच्यासाठी. चिरिल्लोला कोणी तिरकी बिलं पाठवत नव्हतं. शटर ओढल्यावर तुमच्या उपयोगाची होईल, आधी नाही.

कारण शटरच्या आत तुम्ही आणि तुमची पहिली रेघ उरणार, ‘मीच उगाच फोन उघडून बघते.’ दिवसभर बाहेरून हाका आल्या की हाक नसतानाही कान तिकडेच लागतात. फोन पर्समध्ये आणि पर्स कपाटात, टेबलावर पालथा ठेवून भागणार नाही. मुलांची शाळा, सासूबाई आणि घरच्यांचे नंबर तेवढे वाजतील असं सेटिंग प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतं, भाच्याकडून लावून घ्या. टायमरपेक्षा त्याचा हा उपयोग जास्त.

हे सगळं सुरू करण्याआधी तीन दिवस एक रोजकीर्द लिहा. तुम्हाला कीर्द कशी लिहायची ते मी काय सांगणार! वेळ, कोणी अडवलं, कशासाठी, आणि थांबलं असतं तर चाललं असतं का, हो की नाही. एक रकाना ‘स्वतः’ असा ठेवा आणि त्यात प्रामाणिकपणे टिक करा. खतावणी केलीत की दिसेल, कोणाच्या नावे किती निघतंय. माझा अंदाज, ‘स्वतः’चं खातं तुम्हाला वाटतं त्याहून जाड निघेल. आणि ‘थांबलं असतं तर चाललं असतं’ याला बहुतेक ठिकाणी ‘हो’ येईल.

ती रोजकीर्द घेऊन सरांकडे जा, पण १८-१९ तारखेला जाऊ नका. ३बी या जीएसटी रिटर्नच्या तोंडावर कुठलाच सीए माणसात नसतो. २१ ला जा, चहा झाल्यावर. लक्ष लागत नाही, त्रास होतो, असं काही बोलू नका. असं म्हणा : “सर, मागच्या महिन्यात ते बिल चुकीच्या पर्चेसला गेलं. सापडलं नसतं तर खरेदीवर घेतलेलं कराचं क्रेडिट रिव्हर्स करून वर १८ टक्क्यांनी व्याज बसलं असतं, आणि क्लायंटनं ते आपल्याला ऐकवलं असतं. पुन्हा होऊ नये म्हणून ११ ते साडेबारा मी फक्त रिको आणि २बी करीन. तेवढा वेळ फोन आर्टिकल्स घेतील. एक महिना करून बघू.” सरांनी सगळ्यांसमोर बोलल्याचं तुम्हाला लागलंय ते मला दिसतंय. तो विषय या बैठकीत काढू नका. तो वेगळा आहे आणि वेगळ्या दिवशी काढायचा आहे.

१०-११ आणि १९-२० तारखांना हे काही चालणार नाही, शटर वगैरे विसरा. त्या चार दिवसांत ठिपका तेवढा सोडू नका.

सर काय म्हणाले ते कळवा. रोजकीर्दही पाठवा, क्लायंट्सची नावं खोडून. ‘स्वतः’चा रकाना खोडू नका, मी तोच आधी बघणार आहे.